दामाच्या नाटकातलं तुटलेलं वाक्य

दामा, तू गेलास आणि तुझ्या मागोमाग तुझी वेबसाइटही जायला निघाली. तिला निदान माझ्यासाठी थोडं थांबायला काय झालं होतं?

बारावं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बाबुसोचा फोन. वर्षभर मोरजीत पर्यटकांना स्कूटर भाड्याने देणारा आणि जत्रा आली की नाटकात खलनायक होणारा आपला बाबुसो. त्याचा आवाज एरवी फोनशिवायही डिचोलीपर्यंत पोचतो, पण त्या दिवशी दबकून बोलत होता. "पात्रांव, दामाचें नाटक उघडलें, भितर चिनी भास आयल्या."

पात्रांव हे माझं नाव तू पाडलेलं. मालक म्हणायचं आणि सगळी कामं मलाच सांगायची, ही तुझी रीत. तुझ्यामुळे आता सगळं पेडणं मला त्याच नावाने हाक मारतं, आणि हाक मारणारा मुख्य माणूसच नाही.

मी साइट उघडली. चिनी नव्हतं. आपल्या ओळखीचंच भूत होतं. पहिल्या पानावर, लेखक आणि दिग्दर्शक या जागी, लिहिलं होतं: à¤¦à¤¾à¤®à¤¾. हे तुझं नाव. डोक्यावर रेघ असलेलं, काना दिलेलं साधंसुधं नाव, त्याचं हे झालेलं. हसू आलं, खरं सांगतो. मग तुला दाखवायला मान वळवली. जनेलाजवळची तुझी खुर्ची रिकामी होती, आणि मग हसू नाही आलं.

तुझ्या गावच्या जत्रेत आजवर झालेली नाटकं त्या साइटवर चढवायची, एकेक संवाद वेगळा, म्हणजे प्रत्येक नटाला आपली नक्कल मोबाइलवर पाठ करता येईल, ही कल्पना तुझी. पण यंदाचं नाटक जुनं नव्हतं. यंदाचं तुझं स्वतःचं होतं, आयुष्यातलं पहिलं, आणि तू ते थेट साइटवरच लिहिलंस. कागदाचा एक चिटोरा नाही. शेवटचा अंक तर अंथरुणावर पडून, अंगठ्याने, मोबाइलवर. रविवारी मंडळाची बैठक देवळात होती. संहिता हातात आली तर तुझं नाटक, नाही तर गेल्या वर्षीचं ऐतिहासिकच परत, कारण त्याचे कपडे पेटीत तयार आहेत आणि तलवारी अजून गंजलेल्या नाहीत.

म्हणजे तुझं नाटक होणार की नाही, हे माझ्या हातात. ज्या हातांवर तुझा काडीचा विश्वास नव्हता त्या हातात.

आणि हे बिघडलं का, तर त्याला कारण आपलं जुनं भांडण. खाण बंद पडल्यावर तू वजनकाट्यावरचा कॉम्प्युटर सोडून माझ्याकडे आलास, डिचोलीला, पदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, दुकानावरच्या त्या खोलीत, जिथे सकाळी भट्टीतून पोई निघाली की आपण दोघं काम बाजूला ठेवून जिना उतरायचो. आल्या आल्या तू मी बांधलेला डेटाबेस उघडलास आणि कपाळाला हात लावलास. मी टेबलं बनवताना भाषेचा रकाना होता तसा सोडला होता, लॅटिन-वन. युरोपातल्या लिपीचा. आणि त्यात भरत होतो मराठी, युटीएफ-एटमधली. गंमत म्हणजे पडद्यावर सगळं नीट दिसायचं. आत जाताना चूक, बाहेर येताना तीच चूक उलटी, हिशेब सरळ.

"दिसतंय ना बरोबर?" मी म्हणालो.

"दिसता म्हणान कितां जालां रे? भितर कितां आसा तां पळय."

मग तू मला बरणीचं सांगितलंस. साखरेच्या बरणीवर मिठाची पाटी आहे. घरच्यांना माहीत आहे, त्यामुळे चहा गोडच होतो. एक दिवस घरात पाहुणा येतो, पाटी वाचतो आणि ती बरणी माशांच्या कडीत उपडी करतो. "पावणो येतलो, पात्रांव," तू म्हणायचास. मी म्हणायचो, आपल्या घरी पाहुणे येत नाहीत. मग तू म्हणायचास, तुझ्या हातची कडी खायला कोण येणार. असं हे भांडण वर्षानुवर्षं चाललं, चहाबरोबर, चहाशिवाय, एकदा तर कोलवाळच्या पुलावर तुझ्या स्कूटरवर मागे बसून, वाऱ्यात ओरडून. तू म्हणायचास, एक दिवस बसू, सगळं नीट करू. मी म्हणायचो, चालतंय त्याला हात कशाला लावायचा? मी जिंकायचो, कारण आळशी माणूस अशा भांडणात नेहमी जिंकतो. काहीच न करणं हाच त्याचा विजय.

तर पाहुणा आला, दामा. सर्व्हर भाड्याने देणाऱ्यांनी आपली यंत्रणा नवी केली. नव्या यंत्रणेने पाटी वाचली, लॅटिन-वन, आणि प्रामाणिकपणे तसंच वाढलं.

मला पहिल्यांदा काय आठवलं असेल, तर तो बॅनर. आठवतो ना? वाळपईच्या त्या मुलाच्या अभिनंदनाचा. मी साइटवरून मजकूर उचलला आणि न वाचता छापायला पाठवला. मधोमध मुलाचा हसरा फोटो, आणि वर-खाली, डावीकडे-उजवीकडे नुसती प्रश्नचिन्हं. भर बाजारात टांगला. मुलाच्या आईने मला फोन करून घाबऱ्या आवाजात विचारलं होतं, "पास जाला मगो आमचो?" तू त्या दिवशी एवढा हसलास की खालून पदेर वर बघायला आला. आणि मग हसणं थांबवून मला एक गोष्ट शिकवलीस, जी कुठल्या पुस्तकात मला सापडली नव्हती. पडद्यावर विचित्र अक्षरांचा कचरा दिसला तर घाबरायचं नाही. कचरा म्हणजे मूळ अक्षरं आत शाबूत आहेत, फक्त चुकीच्या चष्म्यातून दिसताहेत. पण प्रश्नचिन्हं साठवली गेली, तर संपलं. तिथे आता प्रश्नचिन्हच आहे, मागे काही नाही.

शेवटच्या दिवसांत तुझी जीभ जड झाली, शब्दांची मोडतोड होऊन बाहेर यायची. वयनी बाहेर जाऊन डोळे पुसायची. मी खाटेशेजारी बसून ते सगळं ऐकत राहायचो, कान देऊन, आणि स्वतःला सांगायचो, कचरा आहे, म्हणजे आत सगळं शाबूत आहे. मी तुला हे बोललो नाही. बोललो असतो तर तू मोडक्या शब्दांत का होईना, माझी टर उडवली असतीस. तेवढीसुद्धा आता चालली असती.

बरं. साइटचं सांगत होतो. एवढं सगळं तू शिकवल्यावर मी काय केलं असेल? आधी प्रत काढून ठेवायची, मग हात लावायचा, हा तुझा पहिला नियम. मी आधी हात लावला. तोही कुठे, तर शेवटच्या अंकाला, कारण तोच मला सगळ्यात आधी वाचायचा होता. सगळा कचरा उचलला, माझ्या पुराण्या एडिटरमध्ये ओतला, तिथे रूपांतराचं बटण दाबलं, निघालं ते परत डेटाबेसात चिकटवलं. तू बाजूला असतास तर माझ्या मनगटावर फटका मारला असतास.

त्या एडिटरला काही अक्षरांचे तुकडे ओळखताच येत नाहीत. झ येत नाही. ए येत नाही. ऱ्हस्व उकार येत नाही. आणि ज्याने जोडाक्षर जोडलं जातं, तो पाय मोडायचा हलन्तही येत नाही. आणि डेटाबेसला असं मोडकं अक्षर भेटलं की तो तिथेच वाक्य तोडतो, पुढचं फेकून देतो, आणि वर सांगतो की काम झालं. जोडाक्षर, उकार टाळून मराठीत किती लांब जाता येतं? चार शब्द. फार तर पाच. तुझा आख्खा तिसरा अंक मी उभा कापला, दामा. प्रत्येक पात्र बोलायला तोंड उघडतं आणि मधेच गप्प होतं. जसं काही सगळ्या गावाला एकाच वेळी ठसका लागलाय.

जुनी प्रत? ती तू काढायचास. तू आजारी पडल्यापासून कोणीच काढली नव्हती. शेवटची होती त्यात तिसरा अंकच नव्हता, तेव्हा तो लिहूनच झाला नव्हता.

मग मी हात मांडीखाली घेऊन बसलो. खरोखरच. खाली भट्टीचा वास येत होता आणि मी स्वतःच्या हातांवर बसून तू काय केलं असतंस ते आठवत होतो. साखर ओतायची नाही. तिला मिठात बदलायलाही सांगायचं नाही. आधी फक्त चुकीची पाटी सोलायची. रकान्याला सांगायचं की तुझ्यात कुठलीच भाषा नाही, नुसते आकडे आहेत, बायनरी. मग तो गप्प होतो, भाषांतर करायला जात नाही. आणि मग नवी, खरी पाटी लावायची. युटीएफ-एट. मग साइट आणि डेटाबेस यांच्यात बोलणाऱ्या धाग्यालाही तीच पाटी सांगायची, म्हणजे आत-बाहेर एकच भाषा. सगळं प्रतीवर करून बघायचं, आणि मग खऱ्यावर.

केलं. पान ताजं केलं. दामा. तुझं नाव रेघेसकट, कान्यांसकट उभं होतं. सगळी जुनी नाटकं आली. तुझे पहिले दोन अंक आले, एकही मात्रा न हरवता. तुझं म्हणणं बरोबर होतं हे मी मोठ्याने म्हणालो, रिकाम्या खोलीत. इतकी वर्षं मी ज्याला डोंगर समजत होतो ते काम दुपारच्या जेवणाआधी संपलं. आपण दोघांनी एकदा बसायला हवं होतं. कामासाठी नाही म्हणत. बसायला.

राहिला तिसरा अंक. त्याचा उपाय कुठल्याच आज्ञेत नव्हता, म्हणून स्कूटर काढली आणि पेडण्याला आलो, तुझ्या घरी. कारण अंथरुणावर असताना जो भेटायला येईल त्याला तू तिसरा अंक वाचून दाखवायचास, हे मला माहीत होतं. लोक शहाळी घेऊन यायचे आणि संवाद ऐकून जायचे. मी लॅपटॉप घेऊन पडवीत बसलो. वयनी, बाबुसो आणि रेशम, जी नाटकात मुलगी झालीय. मी तुटकी वाक्यं वाचायची, त्यांनी पुरी करायची, अशी योजना.

योजना चांगली होती. पण मी एक विसरलो होतो की हे जत्रेतले नट आहेत, आणि जत्रेतल्या नटाला आपला रोल कधीच पुरेसा लांब वाटत नाही.

किनाऱ्यावरची जमीन विकायला लावणारा दलाल, म्हणजे बाबुसो, त्याचं वाक्य मी वाचलं. "हा कागद बघ, सही कर आणि स..."

"सुखी हो!" बाबुसो म्हणाला. "आनी मागीर तो हांसता. विकट."

लिहिलं.

"आनी मागीर म्हणटा, ह्या दर्याक म्हजें नांव खबर आसा."

लिहिलं. वाटलं, हे जरा जास्तच दामासारखं आहे.

"आनी मागीर एक पद आसा."

वयनी तांदूळ निवडत होती. मान वर न करता, तुझं नाव न घेता म्हणाली, "हांणीं पद बरोवंक ना, बाबुसो."

"म्हाका सांगिल्लें वयनी, पद घालतां म्हणून."

"तुजो आवाज हांकां बरो खबर आसलो."

रेशम इतकी हसली की तिला उठून अंगणात जावं लागलं. मीही हसलो, वयनीही हसली, आणि मग एकदम सगळ्यांच्याच लक्षात आलं की या घरात तू गेल्यावर पहिल्यांदाच कोणी हसलंय. वयनी तांदळाचं सूप घेऊन आत गेली. थोड्या वेळाने बाहेर आली आणि म्हणाली, "भावजी, फुडलें वाच." तुझा प्रत्येक संवाद तिला पाठ होता. आम्हाला वाटलं होतं तू नटांना वाचून दाखवायचास. खरं तर नट यायच्या आधी तू तिला वाचून दाखवायचास, आणि ती म्हणायची त्याप्रमाणे बदलायचास. हे तू मला कधी सांगितलं नाहीस. मी विचारलं की वाक्य कसं सुचलं, तर तू जनेलातून बाहेर बघायचास, लेखकासारखा.

बाबुसोचं पद आम्ही घेतलं नाही. हास्य ठेवलं. दर्याला नाव माहीत असलेलं वाक्य वयनीने खोडायला लावलं आणि तिला आठवलेलं घातलं, ते अर्थातच चांगलं होतं. बाबुसो रुसला, मग चहा पिऊन परत आला.

असं करत आम्ही शेवटापर्यंत आलो. शेवटचा संवाद रेशमचा. भाऊ निघून गेलाय, दलाल हरलाय, जमीन राहिली. किनाऱ्यावर कासवं अंडी घालायला येऊ लागलीत. मुलगी बापाच्या फोटोपुढे उभी राहते आणि म्हणते:

"बाबा, घर राखलं मी, पण मा..."

मी वाचलं आणि वर बघितलं.

बाबुसोने रेशमकडे बघितलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा एखाद्या वाक्यावर त्याचा काही दावा नव्हता. रेशम म्हणाली, "हें ताणें म्हाका वाचून दाखोवंक ना. म्हणालो, शेवट जत्रेच्या आदल्या दिसा सांगतां." मी वयनीकडे पाहिलं. तिने मान हलवली. तिलाही नाही.

पण माझं. पण माझ्या. पण माझा. यापैकी काहीतरी, एवढं त्या एडिटरच्या मेहरबानीने कळत होतं. वाक्य 'मा'पाशी तुटलं, म्हणजे पुढे झ होता. त्याच्या पलीकडे तू एकटाच होतास. पण माझं मन? तू असलं लिहिणार नाहीस. पण माझ्या वाट्याला? नाही. पण माझं ऐकशील का? हे बरं आहे, पण मुलगी बापाला असं विचारेल का? दोन दिवस मी तेच वाक्य घेऊन फिरलो. पोई तोडताना, अस्नोड्याला स्कूटर उभी करताना, गिऱ्हाइकाला दुसरंच काही समजावताना. तुला विचारायला किती वेळ लागला असता, दामा? मान वळवायला लागतो तेवढा. शेवटचा अंक तू मला वाचून दाखवला नव्हतास. म्हणालास, तू नंतर साइटवर वाच, तुला पडद्यावर दिसतं तेच खरं वाटतं ना. मी म्हणालो, वाचतो. आणि वाचला कधी, तर तू गेल्यावर, आणि वाचायच्या आधीच मोडून.

रविवारी देवळात बैठक भरली. संहिता वाचली. मंडळातले दोन जुने सभासद, ज्यांना तलवारीचं नाटक हवं होतं, तेसुद्धा दुसऱ्या अंकात पुढे सरकून बसले. बाबुसोचं विकट हास्य एवढं चढलं की घंटा वाजवायला आलेली माणसं दारातच थबकली. शेवटी रेशम उभी राहिली. तिच्या मोबाइलवर तोच तुटका संवाद होता, कारण सकाळपर्यंत मी त्यापुढे काहीच लिहिलं नव्हतं. ती "पण मा" म्हणाली आणि थांबली. लोकांना वाटलं हुंदका आहे. तिने माझ्याकडे पाहिलं.

मी तिथेच, खांबाला टेकून, मोबाइलवर तुझं टेबल उघडलं. तिसरा अंक, शेवटची ओळ. आणि मला जे येत होतं ते लिहिलं. साठवलं. रेशमने पान ताजं केलं आणि वाचलं:

"बाबा, घर राखलं मी, पण माझ्याशी भांडायला आता कोणी नाही."

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बैठकीत वाजवत नाहीत. अध्यक्षांनी घसा साफ केला आणि विचारलं, नेपथ्य कोण करणार. म्हणजे ठरलं. तुझं नाटक होणार.

बाहेर चपला घालताना वयनी माझ्या शेजारी आली.

"शेवटचें हांचें न्हय."

"न्हय," मी म्हणालो. "काढून टाकू?"

ती पायात चप्पल अडकवत राहिली. पट्टा सरळ केला. मग म्हणाली, "आसूं दी."

तर आहे. तुझं वाक्य काय होतं ते मला कधीच कळणार नाही, आणि ते या ओळीपेक्षा चांगलं होतं याबद्दल शंका नाही. जुनी नाटकं साइटवर चढवताना मी प्रत्येक नाटकात माझं एखादं वाक्य घुसवायचा प्रयत्न केला, आणि तू प्रत्येक वेळी ते खोडलंस, कारण न सांगता. जत्रेला हे वाक्य रेशम सगळ्या गावासमोर म्हणेल. लोक म्हणतील, दामाने शेवट काय लिहिलाय. मी काही बोलणार नाही. खोडणारा नाही, म्हणून राहिलं ते, दामा. खोडलं असतंस तर बरं झालं असतं.